इलारियोचं कपाट

सान हेनारो, ६ ऑगस्ट

कोमाद्रे देल्मिरा,

हे पत्र आणि सोबतचं पुडकं सेगुंदोच्या लाँचवर देते आहे. पुडक्यावर जाड अक्षरांत 'औषध, जपून' असं लिहिलंय, पण तो त्यावर केळीचे घड रचणारच. मागच्या खेपेला बाटल्या फुटल्या म्हणून मी ओरडले, तर मला म्हणतो, "मास्तरीणबाई, ते नदीला सांगा. लाँच ती हलवते, मी नाही."

या वेळी पुडकं जड आहे. म्हाताऱ्या आबेलार्दोच्या पायाची जखम वरून सुकली, तशी त्याने इंजेक्शनं घेणं बंद केलं. उरलेली मला आणून दिली. मी त्याला म्हटलं, तू बरा झालास, आता तुझ्या हातून आणखी कुणीतरी बरं होऊ दे. तो इतका खूश झाला की जाताना एक कोंबडीही ठेवून गेला. बाकीच्या बाटल्या त्या पलीकडच्या काठावरच्या बाळंतिणीच्या आहेत. तिचं काय झालं ते तुला माहीत आहे. तिचा नवरा दारात उभा राहिला, आत काही आला नाही. पिशवी पुढे केली आणि म्हणाला, "इलारियोच्या कपाटात ठेवा."

तुझ्या वॉर्डातल्या त्या कपाटाला आता वरच्या काठावरसुद्धा सगळे याच नावाने ओळखतात. नवरा वाचावा म्हणून आमच्या लाँचचं इंजिन विकून आम्ही ती इंजेक्शनं घेतली होती, आणि ती संपण्याआधी तो संपला. उरलेल्या बाटल्या मी सिस्टर दोमितिलाच्या हातात दिल्या, तेव्हा त्या परत घरी नेण्याची ताकद माझ्यात नव्हती, एवढंच खरं कारण होतं. त्याचं पुढे असं काही होईल असं मला कुठे ठाऊक होतं.

दुपारी शाळेतून घरी आले की घरात कसलाही आवाज नसतो. नेलिदा लिमाला, तिच्या पुस्तकांत. माझी ही लेक, तुझी धर्मकन्या, जिच्या बाप्तिस्म्यापासून आपण एकमेकींच्या कोमाद्रे झालो, महिन्याकाठी दोन ओळी लिहिते, त्यातली एक तुझी चौकशी करणारी असते. मग मी बाटल्या पुसत बसते. त्याचं जाणं अगदीच फुकट गेलं नाही, असं मला या एका कामामुळे वाटतं. हे तुला लिहिते आहे, पाद्रीला सांगत नाही.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी दरवर्षीसारखी येईन. कपाटापुढे मेणबत्ती लावायची परवानगी आत्ताच काढून ठेव. तुमचा नवा संचालक फार नियम काढतो म्हणे.

तुझी,
सोराइदा


पुएर्तो मोराल, १९ ऑगस्ट

प्रिय कोमाद्रे,

पुडकं मिळालं. या वेळी एकही बाटली फुटलेली नव्हती. सेगुंदोने ते केळ्यांवर ठेवलं होतं, खाली नाही, त्यामुळे त्याचं कौतुक कर.

उत्तराला उशीर झाला. इथे माणसं कमी आहेत. दोन डॉक्टर किनाऱ्याकडच्या शहरांत निघून गेले, आणि संचालकांनी मला आणखी एक काम दिलंय. एका रुग्णाचा संसर्ग दुसऱ्याला का होतो ते शोधायचं आणि तो थांबवायचा. कागदावर ही बढती आहे. प्रत्यक्षात मी दिवसभर इतर डॉक्टरांना हात धुवा म्हणून सांगत फिरते आणि ते मला बघून वाट बदलतात. बेचाळिसाव्या वर्षी मी सगळ्यांची सासू झाले आहे.

बायकांच्या वॉर्डात येसेनिया नावाची एक मुलगी आहे. नेलिदापेक्षाही लहान. सीझर झालं, बाळ चांगलं आहे, ते आजीकडे असतं. हिची जखम मात्र भरत नाही. आम्ही एक औषध देतो, ताप एक दिवस उतरतो आणि परत चढतो. मग दुसरं देतो. नमुना मोठ्या शहराच्या प्रयोगशाळेत पाठवलाय. मी सकाळी तिच्या खाटेपाशी जाते तेव्हा ती मला विचारत नाही की मी बरी होईन का. ती विचारते, दूध आटलं तर परत येतं का.

कपाटाला रंग द्यायचा आहे म्हणून ते सध्या वॉर्डातून हलवलंय. तुझी पुडकी माझ्याकडे नीट आहेत.

आणखी एक लिहायचं होतं, पण सेगुंदो खाली भोंगा वाजवतोय. पुढच्या पत्रात लिहीन.

देल्मिरा


सान हेनारो, २ सप्टेंबर

कोमाद्रे,

मला सगळं कळलंय. तू लपवलंस ते माझ्या काळजीपोटी, हेही कळलं, म्हणून रागावत नाही.

सेगुंदो गेल्या खेपेला जावयाला भेटायला वॉर्डात गेला होता. तो सांगतो, कपाट रंगवायला वगैरे नेलेलं नाही. ते तुझ्या खोलीत आहे, त्याला कुलूप आहे, आणि सिस्टर दोमितिला जिन्याखाली उभी राहून रडत होती. त्याने तिला विचारलं तर ती म्हणाली, "वरून हुकूम आहे." वरून म्हणजे कोण ते न कळायला मी काही पहिलीतली नाही. नव्या संचालकाचा डोळा आहे त्या बाटल्यांवर. रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात त्याचा मेहुणा बसतो हे खरं का? आमच्या मेलेल्यांची औषधं तो विकायला काढणार आणि तुला कुलूप सांभाळायला बसवणार. तू लहानपणापासून अशीच आहेस, कुणी अंगावर काम टाकलं की मान खाली घालून करतेस.

पण या वेळी तू एकटी नाहीस. मी रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना थांबवलं. ज्यांनी ज्यांनी कपाटाला औषध दिलं ती सगळी घरं तयार आहेत. आबेलार्दो तर म्हणाला, "मी लंगडत येईन आणि संचालकाच्या खुर्चीत बसून राहीन, बघू मला कोण उठवतो." मृतांच्या दिवसाची वाट बघायची नाही असं ठरलंय. पुढच्याच लाँचने आम्ही येतो. लाँचचं भाडं सेगुंदो घेणार नाही, त्याला मी तसं सांगितलंय, त्याने अजून हो म्हटलेलं नाही.

रेडिओवर बोलू नकोस, ग्रामपंचायतीत अर्धं गाव ऐकत बसतं. फक्त कागदावर 'या' एवढं लिही.

सोराइदा


पुएर्तो मोराल, ९ सप्टेंबर

सोराइदा,

येऊ नका. कृपा करून कुणालाही आणू नकोस.

संचालकांनी काही केलेलं नाही. त्यांचा मेहुणा दुकानात बसतो की नाही मला माहीत नाही, पण कपाटाशी त्याचा संबंध नाही. हुकूम माझा आहे. कुलूप मी लावलं. दोमितिलाला मी रडवलं. रंगाचं तुला खोटं लिहिलं, आणि भोंग्याचंही. सेगुंदो त्या दिवशी आणखी तासभर धक्क्यावर गप्पा मारत होता.

आता नीट लिहिते. वाचताना मध्येच कागद ठेवू नकोस.

येसेनियाच्या नमुन्याचं उत्तर मी मागचं पत्र लिहिण्याआधीच आलं होतं. तिच्या जखमेत जो जंतू आहे, त्याच्यावर आपल्या वॉर्डातलं कुठलंच औषध चालत नाही. प्रयोगशाळेने औषधांची नावं एकाखाली एक लिहिली होती आणि प्रत्येकापुढे तोच शब्द होता. मी ती नावं वाचत गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती सगळी मी आधी पाहिली आहेत, त्याच कपाटाच्या फळ्यांवर.

मी लगेच कुठल्या निष्कर्षावर आले नाही. तू मला ओळखतेस, मला भाजीत मीठ पुरेसं आहे का ते ठरवायलाही वेळ लागतो. मी आठवडाभर वॉर्डात नुसती उभी राहिले आणि बघितलं. काय होतं ते सांगते. गरीब घरातला रुग्ण येतो, दुकानातून इंजेक्शन आणायची ऐपत नसते. डॉक्टर त्याला तपासतो, आणि मग रुग्णाकडे न बघता दोमितिलाकडे बघून विचारतो, "आज सान इलारियोकडे काय आहे?" होय, वॉर्डात त्याला संत करून टाकलंय. सगळे हसतात, मीही हसत आले आहे. दोमितिला कपाट उघडते. जे असेल ते दिलं जातं. एखाद्याला साध्या गोळीने भागलं असतं, पण गोळी विकत आणावी लागते आणि सगळ्यात जबर इंजेक्शन कपाटात फुकट असतं, म्हणून ते दिलं जातं. दोन दिवस पुरतं, मग बाटल्या संपतात. मग दुसऱ्या कुणाच्या मृत्यूतून उरलेलं दुसरं. माणसाला थोडं बरं वाटतं, तो उठून बसतो, घरी जातो. आणि त्याच्या अंगातले कच्चे जंतू मेलेले असतात, चिवट तेवढे राहिलेले असतात. ते आमच्या हातांवरून, चादरींवरून शेजारच्या खाटेवर जातात.

हे सगळं प्रेमाने चाललेलं आहे. मला चोरी सापडली असती तर बरं झालं असतं, चोराला धरता येतं.

तुझ्या डोक्यात आत्ता काय येईल ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. इलारियोच्या मृत्यूशी याचा काही संबंध नाही. तो आला तेव्हा त्याच्या छातीत पाणी भरलेलं होतं आणि उशीर झाला होता. ती इंजेक्शनं त्याच्यासाठी योग्य होती. दुसऱ्यांसाठी ती योग्य होती का, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

येसेनियाचा जंतू कपाटातूनच आला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. आमचे डॉक्टर पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठं औषध लिहितात, कारण लहान औषध लिहिलं तर नातेवाईकांना वाटतं की आपली किंमत केली नाही. रस्त्यापलीकडचं दुकान चिठ्ठीशिवाय काहीही देतं. मोठ्या शहरातून आलेले रुग्ण तिथले जंतू घेऊन येतात. कपाट हे अनेक कारणांतलं एक. पण माझ्या हातात बंद करण्यासारखं तेवढं एकच होतं.

आणि तरी मी रोज स्वतःला विचारते की मी बरोबर केलं का. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या हातून मी ते अर्धंमुर्धंही काढून घेतलं. त्याबदल्यात काय दिलं? साधी औषधं, पूर्ण मुदतीची, इस्पितळाने फुकट द्यावीत असा अर्ज केलाय. त्याचं उत्तर नाही. परवा एक बाप मला म्हणाला, "डॉक्टरीणबाई, कपाटात आहे ना, मला माहीत आहे, आहे ना?" मी नाही म्हटलं. ते माझ्या पाठीमागे दोन हातांवर होतं.

येसेनियासाठी लिमाहून विमानाने एक जुनं औषध मागवलंय. ते मूत्रपिंडांना बाधतं, म्हणून डॉक्टरांनी वापरायचं सोडून दिलं होतं. आता तेच एक उरलंय.

शंका मला बरीच आधीपासून होती, म्हणून तुझी पुडकी मी वापरली नाहीत. ऑगस्टचं, आणि त्याआधीची दोनही. जाळायला पाठवली. हे तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. दर वेळी आभाराचं पत्र लिहायला बसले आणि आभारच लिहिले.

देल्मिरा


सान हेनारो, ३० सप्टेंबर

डॉक्टर देल्मिरा तुआनामा यांस,

आपलं पत्र मिळालं. गावातली माणसं येणार नाहीत, मी त्यांना कळवलं आहे. कारण सांगितलं नाही.

एकच विचारायचं आहे. इलारियोच्या त्या उरलेल्या बाटल्या, अगदी पहिल्या, कुणाला दिल्या गेल्या आणि त्या माणसांचं पुढे काय झालं? सगळं सांगावं. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नये. तसं केलंत तर मला कळेल.

सोराइदा पिनेदो, शिक्षिका


पुएर्तो मोराल, १६ ऑक्टोबर

सोराइदा,

तू 'आपलं' लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. मी तूच म्हणणार आहे, मला दुसरं जमत नाही.

त्या बाटल्यांची कुठेच नोंद नाही. हीच तर त्या कपाटाची गोष्ट होती, दिलेलं कुणी लिहून ठेवत नसे, दानाचा हिशेब ठेवू नये असं दोमितिला म्हणते. म्हणून तिलाच विचारावं लागलं. ती सप्टेंबरपासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तिने हातातल्या चादरींची घडी पूर्ण केली, मग पायरीवर बसली आणि आठवू लागली. तिला माणसं आठवतात, तारखा नाही.

इलारियोच्या बाटल्या तिघांत वाटल्या गेल्या.

एक मासेमारी करणारा म्हातारा होता, फुप्फुसाच्या आजाराचा. त्याला थोड्या दिल्या, ताप गेला, त्याने नातवाला बोलावलं आणि होडीतून घरी गेला. ईस्टरनंतर तो परत आला तेव्हा त्याच्यावर कशाचाच उपयोग झाला नाही. तो वॉर्डातच गेला.

दुसरा लाकडाच्या वखारीतला, हाताला जखम झालेला. दोमितिला म्हणते त्याला आणखी दोघा-तिघांच्या बाटल्या मिसळून दिल्या. तो वाचला, हात गेला. इलारियोच्या बाटल्यांनी त्याचं भलं झालं की वाईट, मी सांगू शकत नाही.

तिसरी एक बाई, रोसाउरा. बाळंतपणानंतरचा ताप, सोबत कुणी नाही. तिला उरलेल्या सगळ्या बाटल्या दिल्या आणि तिच्या बाबतीत त्या पुरल्या. ती चालत घरी गेली. अजून आहे. धक्क्याजवळ तळलेले पालोमेता मासे विकते.

मी मागच्या आठवड्यात तिथे गेले. मासा घेतला, उभ्याने खाल्ला. तिला काही विचारलं नाही, काय विचारणार होते? पाच वर्षांचा मुलगा तिच्या पाठीशी कोळशाला वारा घालत होता आणि ती त्याला, तुझ्यापेक्षा तो पंखा हुशार आहे, असं काहीतरी बोलत होती. मी तिथे उभी राहून डॉक्टरासारखा विचार केला. तिला त्या औषधाची गरज होती का? तपासणी झालीच नव्हती. कदाचित स्वस्त गोळ्यांनीही ती बरी झाली असती. कदाचित नसती झाली. तिला इलारियोचं औषध मिळालं, हे खरं. ती जिवंत आहे, हेही खरं. या दोन वाक्यांच्या मध्ये 'म्हणून' हा शब्द मी घालू शकत नाही. तुला हवा असला तर तू घाल, मी तुला अडवणार नाही, पण माझ्या हातून तो लिहिला जाणार नाही.

एवढंच आहे. मला बरं काही सांगता आलं असतं तर मी ते सांगितलं असतं की नाही, याचा विचार करत दोन दिवस हे पत्र पडून होतं.

येसेनिया घरी गेली. लिमाच्या औषधाने ताप हटला, पण त्याआधी गर्भाशय काढावं लागलं. भिंतीला धरून चालत गेली. तिच्या आईने माझे हात धरले आणि आभार मानले. ती आभार मानत होती तेव्हा मी तिच्या खांद्यावरून बाहेरच्या रस्त्याकडे बघत होते.

साध्या गोळ्यांच्या अर्जाला उत्तर आलं. पुढच्या वर्षी विचार करू म्हणतात. मी तो परत लिहिलाय.

मृतांच्या दिवशी ये. कपाट नाही, पण मी आहे. माझ्या घरी राहा. यायचं नसेल तर तेही समजेन.

देल्मिरा


सान हेनारो, १२ नोव्हेंबर

कोमाद्रे,

मृतांच्या दिवशी मी आले नाही. इथल्याच दफनभूमीत गेले, त्याच्या कबरीवरचं तण काढलं, घरी आले. मेणबत्ती लावली नाही, वाराच फार होता. तुझं पत्र खिशात होतं. ते तिथे त्याला वाचून दाखवावं असं मनात होतं, पण शेजारच्या कबरींवर माणसं जेवत होती, म्हणून राहिलं.

तुझ्यावरचा राग गेलाय असं लिहिणार नाही. सकाळी असतो, दुपारी शाळेत विसरते. पण मी सगळं विचारलं होतं आणि तू सगळं सांगितलंस. त्या म्हाताऱ्याचंही. ते तू गाळू शकली असतीस.

आता जे घडलं ते तुलाच सांगायला हवं.

वरच्या काठावरच्या एर्मेलिंदाचा मुलगा विल्दर गेला. करवतीने पाय कापला होता, मोठ्या शहराच्या इस्पितळात नेला, तिथे संपला. दफन झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली, होडी स्वतः वल्हवत. हातात रुमालाचं गाठोडं. मला कळलं त्यात काय असणार. मी केळ्यांचा चापो गरम करायला ठेवला, तिला बाकावर बसवलं, हवापाण्याचं बोलले. तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या नवऱ्याच्या कपाटात माझ्या पोरालाही जागा द्या."

मी सांगितलं की इस्पितळ आता घेत नाही. तिला वाटलं मी टाळते आहे. म्हणाली, इलारियोची घेतली, आबेलार्दोची घेतली, त्याने तर कंटाळून सोडलेली दिली, माझ्या पोरानेच काय केलंय? आम्ही वरच्या काठाची माणसं म्हणून का? मग मी तुझं पत्र आठवून बोलू लागले. कच्चे जंतू, चिवट जंतू, चादरी, हात. माझ्या तोंडून ते फळ्यावरच्या धड्यासारखं निघत होतं. ती माझ्याकडे बघत होती तसं शाळा सुटायच्या आधी पोरं बघतात, मान हलवत आणि काहीही आत न घेता.

मी थांबले तेव्हा तिने विचारलं, "इलारियोच्या औषधाने कोण वाचलं?"

देल्मिरा, ती रोसाउरा माझ्या जिभेवर आली होती. तिचे मासे, तिचा मुलगा, तो पंखा, सगळं. नाव घेतलं असतं तर एर्मेलिंदाने बाटल्या कपाटासाठी म्हणून तिथेच ठेवल्या असत्या, आणि मी त्या घेतल्या असत्या. मला माहीत आहे, मी घेतल्या असत्या. पुसून, पुडकं बांधून, तुझ्याकडे नाही तर दुसऱ्या कुठल्या वॉर्डाकडे पाठवल्या असत्या. कपाटाला कुठेही जागा मिळते.

"कुणी नाही," मी म्हणाले.

तिने गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "मग तुम्ही एवढी वर्षं काय करत होता?"

"तू आत्ता करते आहेस तेच," मी म्हणाले.

याचं तिने वाईट वाटून घेतलं नाही. गाठ सोडली, बाटल्या एकेक करून टेबलावर ठेवल्या आणि रुमाल झटकून घडी करून स्वतःजवळ ठेवला, तो विल्दरचा होता. चापो प्यायली. थंड झाला होता, मी परत गरम करते म्हटलं तर नको म्हणाली. होडीपर्यंत मी सोबत गेले. पाणी उतरलेलं असल्याने चिखलातून बरंच चालावं लागलं, आणि सबंध वाटेत ती मला विल्दर लहानपणी पोहायला कसा घाबरायचा ते सांगत होती. मी इलारियोचं काही बोलले नाही. मला वाटतं, त्याच्याबद्दल बोलायची सोय म्हणून मी इतकी वर्षं बाटल्या गोळा करत होते, आणि लोक पिशव्या पुढे करत होते तेव्हा त्यांनाही तेच हवं होतं. मी मात्र पिशवी घेऊन त्यांना दारातूनच परत पाठवत आले.

बाटल्या सेगुंदोबरोबर पाठवते आहे. जाळून टाक.

एर्मेलिंदाशी खोटं बोलले, याची टोचणी आहे आणि नाहीही. तू तो 'म्हणून' घातला नाहीस, मीही तो कुणासमोर घालणार नाही. पण घरात एकटी असते तेव्हा घालते. ती मासे विकणारी बाई मी ठेवून घेतली आहे. तेवढी मला राहू दे.

तुझी,
सोराइदा